‘गावात गिअरबॉक्स बनत नाही’ या मेसेजला उत्तर

वर्धा-यवतमाळकडच्या शिक्षकांच्या आणि आयटीआयच्या पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतो आहे. त्यातला मजकूर थोडक्यात असा: ‘रोबोट स्पर्धेसाठी छोट्या मोटरीला स्वतः बनवलेला गिअरबॉक्स जोडणं हे शहरातल्या मोठ्या कॉलेजांचं काम आहे. बारीक शाफ्टवर गिअर टिकत नाही, गावात अचूक भोक पडत नाही, गिअर कापून मिळत नाहीत. तयार गिअर मोटर घ्या, कमी आरपीएमची (मिनिटाला कमी फेरे घेणारी) घ्या म्हणजे ताकद जास्त मिळेल, आणि चाक थेट तिच्या शाफ्टला लावा. बनवायचाच असेल तर थ्रीडी प्रिंट करा, गिअर घट्ट दाबून बसवा आणि फेविक्विक लावा.’

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट असेल असं मला वाटत नाही. पण हे वाचून तालुक्याच्या ठिकाणची पोरं हातात घेतलेलं काम खाली ठेवतात, आणि ते मला बघवत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

एक गोष्ट आधीच मान्य करतो. काळ्या पट्टीवरून चालणारा हलका लाइन फॉलोअर करायचा असेल तर बाजारात मिळणारी छोटी पिवळी बीओ मोटर पुरते, तिथं गिअरबॉक्सच्या भानगडीत पडू नये. माझं म्हणणं आहे ते ढकलाढकलीच्या, ओझं उचलायच्या आणि चढ चढायच्या स्पर्धांबद्दल.

आधी ताकदीचं बघू. गिअरबॉक्स टॉर्क (फिरवण्याचा जोर) वाढवतो तेवढाच वेग काढून घेतो. नवी पॉवर तो कुठूनही आणत नाही, उलट प्रत्येक पायरीला (गिअरच्या एकेका जोडीला) पाचेक टक्के घर्षणात घालवतो. १०० आरपीएमची ‘ताकदवान’ मोटर १० सेंटिमीटरच्या चाकाला लावली तर रोबोट सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर जातो. समोरचा वळसा घालून मागून येईपर्यंत आपला वळतच असतो. हिशोब उलटा, म्हणजे चाकापासून सुरू करायचा. सेकंदाला दीड मीटर हवे असतील तर हे चाक मिनिटाला साधारण २९० वेळा फिरायला हवं. ७७५ जातीची मोटर मोकळी १८,००० आरपीएमला फिरत असेल, तर ओझ्याखाली ती ८० टक्क्यांवर, म्हणजे १४,४०० वर चालेल असं धरा. रेशो, म्हणजे वेग किती पट कमी करायचा तो आकडा, येतो ५० च्या आसपास. १५ दात्यांचा पिनियन (लहान गिअर) आणि ५५ दात्यांचा गिअर अशा तीन पायऱ्या लावल्या की ४९.३ मिळतो. दुकानातली ३०० आरपीएमची तयार मोटर वेगाला जवळ येते हे खरं, पण तिच्या आतली मोटर ७७५ पेक्षा बरीच लहान असते. आणि तिच्या शाफ्टचा प्रश्न वेगळाच आहे, तो पुढे घेतो.

‘बारीक शाफ्टवर गिअर टिकत नाही.’ अमेरिकेत १९९२ पासून भरणाऱ्या फर्स्ट रोबोटिक्स स्पर्धेत शाळकरी पोरांच्या टीम हेच काम करत आल्या आहेत. तिथल्या सीआयएम मोटरीला ८ मिमीचा शाफ्ट आणि २ मिमीची चावी (गिअर शाफ्टवर घसरू नये म्हणून खाचेत बसवलेली पट्टी) असते. ७७५ प्रो मोटरीला मात्र चावी नसते, ५ मिमीच्या गोल शाफ्टवर पिनियन दाबून बसवतात आणि तो टिकतो. दाबून बसवायचा तर बोअर (गिअरचं मधलं भोक) शाफ्टपेक्षा एक-दोन शतांश मिमी कमी लागतो. तेवढा साधणारं हत्यार जवळ नसेल तर ५ चा रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) फिरवा, बोअर ५.०० ते ५.०१ येईल, आणि मग लॉकटाइट ६३८ सारखं रिटेनिंग कंपाउंड (शाफ्टवर गिअर पक्का धरणारं रसायन) वापरा. बोल्टला लावतात ते २४३ वेगळं, त्याचं हे काम नाही. कंपाउंड शाफ्टला लावू नका, गिअरच्या बोअरला आतून लावा. शाफ्ट आत शिरताना जास्तीचं कंपाउंड बाहेरच्या तोंडाकडे ढकललं जातं, मोटरीकडे जात नाही. मग एक दिवस हात लावायचा नाही.

मेसेजमधला सल्ला घातक ठरतो तो इथं. फेविक्विकसारखा पातळ गोंद शाफ्टवरून ओघळत मोटरीच्या पुढच्या बुशमध्ये शिरतो आणि मोटर जाम करतो. शिवाय तो ठिसूळ असतो, रोबोटनं दोन-चार धक्के खाल्ले की सुटतो. दुसरी वाईट सवय हातोडीची. पिनियन ठोकताना सगळा मार मोटरीच्या मागच्या बेअरिंगवर आणि कम्युटेटरवर जातो. मागून शाफ्टचं टोक बाहेर आलेलं असेल तर ते लोखंडी ठोकळ्यावर टेकवा आणि पिनियन वाइसमध्ये हळूहळू दाबा.

ग्रब स्क्रू (गिअरमधून शाफ्टवर आवळायचा बिनडोक्याचा स्क्रू) लावायचा असेल तर शाफ्टवर सपाट जागा हवीच. गोल शाफ्टवर एकच स्क्रू आवळला की गिअर एका बाजूला सरकतो आणि फेऱ्यागणिक कुरकुरतो. कानशीनं सपाट करताना मोटरीचं तोंड टेपनं गच्च गुंडाळा. आत चुंबक आहे, लोखंडाचा कीस तो ओढून घेतो आणि मग ती मोटर कायमची खरखरते.

‘गिअर घट्ट दाबून बसवा’ हा सल्ला तर सरळ उलटा आहे. दात्यांमध्ये थोडा प्ले (मोकळेपणा) लागतोच. नाहीतर गिअर तापून फुगले की आवळतात, बॅटरी घर्षणात संपते आणि नावं मोटरीला ठेवली जातात. मॉड्यूल १ च्या (मॉड्यूल म्हणजे दात्याच्या आकाराचं माप) १५ आणि ५५ दात्यांच्या जोडीत दोन शाफ्टांमधलं अंतर १५ अधिक ५५ भागिले २, म्हणजे ३५ मिमी. त्यात ०.०५ ते ०.१ मिमी वाढवा. मोटरीच्या स्क्रूची भोकं लांबट ठेवा, दात्यांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घाला, मोटर सरकवून स्क्रू आवळा आणि गिअर फिरवून पट्टी बाहेर काढा. पट्टीवर घड्या उमटल्या पण ती कापली गेली नाही, तर अंतर जमलं. नुसत्या मोटरीचा मोकळा करंट आधी मल्टिमीटरवर लिहून ठेवा आणि गिअरबॉक्स जोडल्यावर पुन्हा बघा. आकडा दुपटीच्या वर गेला तर काहीतरी घासतं आहे, ते सापडेपर्यंत रोबोट मैदानात नेऊ नका.

अचूक भोकांचं म्हणाल, तर ५ मिमीच्या दोन अ‍ॅल्युमिनियम प्लेटा एकावर एक आवळून एकाच वेळी ड्रिल केल्या की दोन्हीकडची भोकं समोरासमोर येतात. अंतरातली थोडी चूक मोटरीच्या लांबट भोकांत सावरते, पण ती फक्त पहिल्या पायरीची. पुढच्या शाफ्टांच्या बेअरिंगची भोकं नेमकीच हवीत. तेवढ्यासाठी त्या प्लेटा नागपूर किंवा अमरावतीहून लेझरवर कापून मागवता येतात. फाइल मोबाइलवरून जाते आणि प्लेटा एसटीच्या पार्सलनं येतात.

आता ‘चाक थेट शाफ्टला लावा’. मेसेजमधली सगळ्यात महाग पडणारी सूचना हीच आहे. तयार गिअर मोटरीच्या शाफ्टला आत एका आखूड बुशचा आधार असतो. त्यावर चाक लटकवलं आणि रोबोट कडेला आदळला की शाफ्ट वाकतो. स्वतःच्या गिअरबॉक्समध्ये शेवटचा शाफ्ट ८ मिमीचा घ्या आणि दोन्ही प्लेटांमध्ये एकेक ६०८ बेअरिंग बसवा: आतून ८, बाहेरून २२, जाडी ७ मिमी, कुठंही मिळतं. रोबोटचं वजन आणि धक्के त्या बेअरिंगांनी झेलायचे. मोटरीनं फक्त फिरवायचं. पहिल्या शाफ्टला स्वतःची दोन बेअरिंग असतील तर मोटर त्याला घट्ट जोडू नका, मध्ये लवचिक कपलिंग घाला. शेतातल्या पंपसेटवर मोटर आणि पंप यांच्यामध्ये रबर असलेलं लव्हजॉय कपलिंग असतं, तेही याच कारणासाठी.

थ्रीडी प्रिंटबद्दल फार बोलत नाही. पीएलए, म्हणजे प्रिंटरमध्ये वापरतात ते प्लास्टिक, ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. सामन्यात मोटरीचा डबा त्याच्या पुढे सहज जातो, आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४५ असतात. मोटर धरणारी प्लेट पीएलएची असेल तर स्क्रू आपोआप ढिले होतात. प्रिंटर असेल तर त्याच्यावर ड्रिलचा नमुना काढा, त्याला तोड नाही.

राहिला शेवटचा दावा, ‘गिअर कापून मिळत नाहीत’. तो वाचून मला खरोखर वाईट वाटलं, कारण आयटीआयच्या मशिनिस्ट ट्रेडमध्ये गिअर कटिंग अभ्यासक्रमातच आहे. मिलिंग मशीन, डिव्हायडिंग हेड (जॉब सारख्या भागांत फिरवणारं साधन) आणि मॉड्यूल १ चा कटर, एवढ्यावर काम होतं. लेथवर १५ दात्यांसाठी १७ मिमीचं आणि ५५ दात्यांसाठी ५७ मिमीचं ब्लँक (दाते न कापलेली गोल चकती) टर्न करा. दात २.२५ मिमी खोल. डिव्हायडिंग हेडच्या क्रँकचे ४० फेरे म्हणजे जॉबचा एक फेरा. त्यामुळे १५ दात्यांना दर दात्यामागे दोन पूर्ण फेरे आणि १८ भोकांच्या वर्तुळावर १२ भोकं, तर ५५ दात्यांना ३३ भोकांच्या वर्तुळावर २४ भोकं. कटर मात्र दात्यांच्या संख्येप्रमाणे बदलतो. आठ कटरांच्या संचातला १५ चा वेगळा आणि ५५ चा वेगळा, ते इन्स्ट्रक्टर सरांना विचारून घ्या. पिनियन ईएन-८ पोलादाचे करा. पहिल्या पायरीचा मोठा गिअर नायलॉनचा चालतो आणि आवाजही कमी करतो, शेवटच्या पायरीला पोलादच हवं.

ज्यांनी तो मेसेज पुढे ढकलला त्यांनी त्याच ग्रुपवर हे आकडेही टाकावेत: १७, ५७, २.२५ आणि ३५ अधिक कागदाची एक पट्टी. शाळेत रोबोट करणाऱ्या पोरांनी हे आकडे घेऊन जवळच्या आयटीआयच्या मशिनिस्ट ट्रेडच्या सरांना भेटावं. ब्लँक सोबत न्या, म्हणजे प्रॅक्टिकलच्या जॉबमध्येच तुमचे गिअर बसवता येतील का, हे सरांना तिथल्या तिथं सांगता येईल.