लेहमध्ये मुळा कधी पेरावा?

साताऱ्यात राजवाड्याजवळच्या आमच्या कट्ट्यावर परवा मुळ्यावरून वाद पेटला. सुभेदारांचा मुलगा सध्या लेहला आहे. युनिटच्या आवारात मुळा लावायचा आहे, तर बी कोणते आणि केव्हा टाकावे, असे त्याने वडिलांना विचारले होते.

अण्णांनी शेतकऱ्याच्या अधिकाराने निकाल दिला, "मुळा थंडीचेच पीक. बर्फ वितळून जमीन वाफशावर आली की बी टाकायचे. माझ्याकडची चेतकी जात पाठवा, चाळीस-पंचेचाळीस दिवसांत काढणीला येते." सुभेदारांचे म्हणणे नेमके उलटे होते. त्यांनी तिकडे नोकरी केलेली. लडाखी माणूस हिवाळ्यासाठी खड्ड्यात साठवायचा मुळा उशिरा पेरतो, हे त्यांनी पाहिले होते. "पण का?" या अण्णांच्या प्रश्नावर मात्र ते अडले.

माझ्या मते दोघांचेही बरोबर आहे, फक्त दोघे वेगवेगळ्या मुळ्यांबद्दल बोलत होते. मुळ्याचे बी मातीचे तापमान पाच अंशांच्या आसपास असले तरी रडतखडत उगवते, आणि जमिनीतला कंद दहा ते पंधरा अंशांत उत्तम पोसतो, इथवर अण्णांचा हिशेब चोख आहे. परंतु कोवळ्या रोपाला काही दिवस दहा अंशांखालची थंडी लागली आणि पाठोपाठ दिवस मोठे होत गेले, की रोप कंद पोसायचे सोडून फुलोऱ्यावर जाते. साताऱ्यात सर्वांत मोठा दिवस जेमतेम सव्वातेरा तासांचा, तर लेहला जूनमध्ये तो सुमारे साडेचौदा तासांचा असतो. वसंतातली थंडी आणि मागून येणारे हे लांबलचक दिवस, असा दुहेरी मार बसल्यावर लांब मुळ्याला दांडा फुटतो, कंद लाकडासारखा होतो आणि हाती फक्त डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा, येतात. चेतकी तर आपल्या उन्हाळा-पावसाळ्यासाठी काढलेली जात. तिला तिकडच्या थंडीत लवकर पेरणे मला मुळीच पटत नाही.

अण्णा सहज मानणारे नव्हेत. "मग वसंतात वाफे रिकामेच ठेवायचे का?" असे त्यांनी विचारले, आणि तो प्रश्न रास्त होता. त्या दिवसांत लहान, लाल, गोल मुळा लावावा. तो पंचवीस-तीस दिवसांत तयार होत असल्यामुळे फुलोऱ्याची वेळ येण्याआधीच ताटात येतो. बी एकदम न टाकता आठ-दहा दिवसांच्या अंतराने थोडे थोडे टाकावे आणि विरळणी चुकवू नये. दाटीत नुसता पाला माजतो.

साठवणीच्या मुळ्यासाठी मात्र उलट मोजावे लागते. आपण पेरणी पावसापासून पुढे मोजतो. थंड मुलखात ती हिमदव पडू लागण्याच्या दिवसापासून मागे मोजायची असते. लांब मुळ्याला पन्नास ते साठ दिवस लागतात, शिवाय शेवटी गारठ्याने वाढ मंदावते म्हणून दहा-पंधरा दिवस जास्तीचे धरावेत. सप्टेंबरअखेर जमीन मोकळी करायची असेल, तर पेरणी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यापलीकडे जाऊ नये. तोवर दिवस लहान होऊ लागलेले असतात आणि कंद वाढत्या गारव्यात पोसतो.

बियाण्यावर शेवटी एकमत झाले: कुलू खोऱ्यातल्या कटराईनच्या केंद्रात तयार झालेली पुसा हिमानी ही जात. अण्णांनी एकच अट घातली, की मुलाने बी रोपवाटिकेत न टाकता थेट वाफ्यात टाकावे, कारण उपटून लावलेल्या मुळ्याला फाटे फुटतात. सुभेदारांनी तिथेच मुलाला फोन लावला.