स्वतःच्याच नावाने आलेल्या स्पॅमचे आदरातिथ्य

सकाळी मेल उघडावी तर पहिलीच मेल तुमच्याकडून तुम्हालाच. पत्ता तुमचा, डोमेन तुमचे. मजकूर असा, की तुमचा कॉम्प्युटर आमच्या ताब्यात आहे, पुरावा हवा असेल तर पाठवणाऱ्याचा पत्ता बघा, आणि ४८ तासांत बिटकॉइन भरा. अशा वेळी पासवर्ड बदलावा. तो बहुधा कोणी चोरलेला नसतो, पण काहीतरी केल्याचे समाधान मिळते आणि मॉनिटरला नवी पिवळी चिठ्ठी चिकटवता येते.

मेलचा तांत्रिक तपशील उघडणारे जीमेलचे 'शो ओरिजिनल' मात्र चुकूनही दाबू नका. तिथे 'ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स' नावाच्या ओळीत 'एसपीएफ पास, डीकिम नन, डीमार्क फेल' असे स्वच्छ लिहिलेले सापडेल आणि सगळी भीती निघून जाईल. एसपीएफ म्हणजे डोमेनच्या नावाने मेल पाठवायची परवानगी असलेल्या सर्व्हरांची यादी, डीकिम म्हणजे मेलवरची डिजिटल सही आणि डीमार्क म्हणजे या दोन्हींवरचा मुकादम. मेल पोचवण्याचा एसएमटीपी हा नियम १९८२ चा. पाकिटामागे 'प्रेषक' म्हणून कोणाचेही नाव घाला, पोस्टमन ओळखपत्र मागत नाही, त्यातला प्रकार. त्यात इथे प्रेषक दोन. एक पाकिटावरचा, म्हणजे रिटर्न-पाथ. दुसरा आतल्या लेटरहेडवरचा, म्हणजे फ्रॉम. तुम्हाला दिसतो दुसरा, एसपीएफ तपासतो पहिला. भामटा पाकिटावर स्वतःचे खरे डोमेन टाकून एसपीएफ पास होतो आणि लेटरहेड तुमचे छापतो. पाकीट किंवा डीकिमची सही, यांपैकी एकाचे तरी डोमेन लेटरहेडशी जुळलेच पाहिजे, हा हट्ट डीमार्क धरतो. म्हणून डीमार्कपासून चार हात लांब राहावे.

आता रामबाण उपाय: स्पॅम फिल्टरमध्ये स्वतःचे डोमेन व्हाइटलिस्ट करा, म्हणजे तपासणीतून मोकळे सोडा. आपल्या घरची मेल स्पॅम कशी असेल? झाले, तुमच्या नावाचा मुखवटा घालून येणाऱ्याला आता दारावर कोणी हटकणार नाही; तपासणी उरली ती फक्त परक्यांची. याची सुरुवात बहुधा वेबसाइटच्या चौकशी फॉर्मपासून होते. फॉर्मची मेल होस्टिंगवाल्याच्या सर्व्हरवरून निघते, तो सर्व्हर तुमच्या एसपीएफमध्ये नसतो, मेल स्पॅममध्ये पडते. मग साइट बनवणारा सांगतो, 'सर, डोमेन व्हाइटलिस्ट करून टाका.' फॉर्मला स्वतंत्र मेलबॉक्स देऊन लॉगिनसह एसएमटीपीने मेल पाठवायला लावणे हे अर्ध्या तासाचे काम. पण अर्धा तास कोणाकडे आहे?

डीएनएसमधल्या, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदवहीतल्या, एसपीएफ नोंदीच्या शेवटी 'प्लस ऑल' लिहावे, म्हणजे जगातला प्रत्येक सर्व्हर तुमचा अधिकृत प्रतिनिधी ठरतो. इतके औदार्य जमत नसेल तर न्यूजलेटरवाला, पगाराचे सॉफ्टवेअर, ग्राहकांची माहिती ठेवणारे सीआरएम, जो मागेल त्याचे 'इन्क्लूड' जोडत जावे, म्हणजे त्याचेही सर्व्हर आपल्या यादीत घ्यावेत. एसपीएफ तपासताना कराव्या लागणाऱ्या डीएनएस चौकशा १० च्या वर गेल्या की पर्मएरर, म्हणजे 'नोंदच चुकीची' असा शेरा, येतो आणि एसपीएफ असून नसल्यासारखा होतो. घाई असेल तर एकाच डोमेनला दुसरी एसपीएफ नोंद करा. त्यानेही तेच साधते. डीकिमची सही तपासायची २०४८ बिटांची किल्ली डीएनएसमध्ये एका सलग स्ट्रिंगमध्ये चिकटवावी. एका स्ट्रिंगची मर्यादा २५५ अक्षरांची. काही पॅनेल शेपूट गुपचूप कापतात. दोन तुकडे करून भरायची असते, हे डीएनएसवाला सांगतो, पण तुम्ही विचारल्यावर.

आणि डीमार्क. फेब्रुवारी २०२४ पासून ढिगाने मेल पाठवणाऱ्यांकडे (गूगलच्या हिशेबात जीमेलवर दिवसाला ५००० किंवा जास्त) गूगल आणि याहू तो मागू लागले, म्हणून लावावाच लागला असेल, तर 'पी', म्हणजे नापास मेलचे काय करायचे त्या धोरणासमोर, 'नन' लिहून विसरून जा. म्हणजे चोर ओळखा, वहीत नोंद करा आणि आत सोडा. वही म्हणजे रोज येणारे झिप केलेले एक्सएमएल अहवाल. ते अशा पत्त्यावर मागवावेत की जो कोणी उघडत नाही. काही आठवडे ते वाचून आपले खरे सर्व्हर ओळखले, त्यांची सही बसवली, मग धोरण क्वारंटाइन (स्पॅममध्ये टाका) आणि शेवटी रिजेक्ट (दारातूनच परत पाठवा) केले, तर ही फुकटची करमणूकच बंद पडेल. न वाचता थेट रिजेक्ट लावायलाही हरकत नाही. महिनाअखेरीस तुमचीच बिले ग्राहकांकडून परत येतील, तेव्हा अहवाल आपोआप उघडले जातील.

'हाताशी असावे' म्हणून घेतलेली आणि मेलसाठी कधीच न वापरलेली डोमेने उघडी ठेवा. त्यांना एसपीएफमध्ये फक्त 'मायनस ऑल' (कोणालाच परवानगी नाही) आणि डीमार्कमध्ये रिजेक्ट, अशा दोन ओळी पुरतात. त्या लिहायला कोणाला सांगायचे यावर बैठक घ्यावी.

इतके करूनही डीमार्क नीट बसलाच, तरी निराश होऊ नका. मालकांचे नाव आणि पत्ता मात्र कुठल्याशा जीमेलचा, अशा मेलला डीमार्क अडवत नाही, कारण तिथे तुमचे डोमेन वापरलेलेच नसते. मोबाइलवर दिसते फक्त नाव. 'अर्जंट, पार्टीचे बँक खाते बदलले आहे, आजच पाठवा' हे वाचून अकाउंट्सने लगेच आरटीजीएस करावे. मालकांना फोन लावून विचारू नये. ते मीटिंगमध्ये आहेत, असे मेलमध्येच लिहिलेले असते.