तिरका असेल तर जाईल

आमच्या मालकांना मेल गेलेला डोळ्यांनी बघायचा असतो. मागावरून टॉवेल उतरताना दिसतो, गाठोडं टेम्पोत चढताना दिसतं, मग मेलच का दिसू नये, हा त्यांचा सवाल. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, मे महिन्यात, पत्र्याखाली बसून याचं उत्तर देणं अवघड आहे.

दिल्लीच्या पार्टीला नव्या टॉवेलांचे फोटो आणि दरपत्रक पाठवायचं होतं. फोटो मालकांच्या पुतण्याने काढलेले. एकेक दोरा मोजून घ्यावा इतके स्वच्छ, आणि तितकेच जड. सगळे मिळून १८ एमबी. मेल आउटबॉक्समध्ये गेला आणि तिथेच मांडी ठोकून बसला.

"काय ओ, गेला का?"

"जातोय, मालक."

"उघडा बघू."

इथेच घात झाला. आमच्या प्रोग्रामात रांगेतला मेल तिरक्या अक्षरांत दिसतो. तो उघडला आणि सेंड न दाबता बंद केला, की अक्षरं सरळ होतात आणि आपल्याला कुठे जायचं होतं हेच मेल विसरतो. मी पुन्हा सेंड दाबायचं, अक्षरं तिरकी व्हायची, की माझ्या खांद्यावरून मालकांचा हात माऊसवर. अक्षरं सरळ. "हां, आता कसं नीट झालं!"

तेवढ्यात मागांची दुरुस्ती बघणारा जॉबर डोकावला आणि बंद करून चालू करा म्हणाला. मागालाही तो हेच औषध देतो. पुतण्याने फोनवरून नेटला दोष दिला. पण नेट होतं. विम्याच्या जाहिराती धो धो येत होत्या.

"येतायत की ओ मेल! मग जायला काय झालं?"

मी सांगितलं, येण्याची वाट वेगळी, जाण्याची वेगळी. जाणारा मेल एसएमटीपी नावाच्या पद्धतीने जातो, तिचं पोर्ट, म्हणजे दार, निराळं, बहुतेक ठिकाणी ५८७. पद्धत जुनी, १९८२ सालची.

"ब्याऐंशी? मुंबईत गिरण्यांचा संप झाला तेच साल की. मग हापण संपावर गेलाय."

खरं दुखणं वजनाचं होतं. जोडलेली फाइल मेलमधून जशीच्या तशी जात नाही; तिची अक्षरं करतात, तीन बाइटांची चार. म्हणजे १८ एमबीचे निघताना २४ होतात, आणि आमच्या सर्व्हरची हद्द २०. मेल काढून टाकावा म्हटलं, तर प्रोग्राम म्हणे, तो पाठवला जातोय, काढता येणार नाही. सकाळपासून जागचा हलला नाही, आणि म्हणे वाटेत आहे!

शेवटी ऑफलाइन केलं, प्रोग्राम बंद करून परत उघडला, मेल ओढून ड्राफ्ट्समध्ये आणला, फोटो बारीक केले. मग मुख्य काम: "मालक, चहा आलाय बाहेर." ते गेले आणि मेलही गेला.

परत येताच, "उघडा बघू."

सेंटमधला मेल कितीदाही उघडा, त्याला धक्का लागत नाही. म्हणून माऊसच त्यांच्या हाती दिला. फोटो बघून खूश झाले. मग दरपत्रक उघडलं. ते त्यांनी स्वतःच पुतण्याला काढून दिलं होतं. बोट रकान्यावरून खाली खाली सरकलं आणि थांबलं. दर गेल्या दिवाळीचे होते, सूत महागायच्या आधीचे.

"ओ, थांबवा त्याला! अजून सोलापूरच्या बाहेर पडला नसेल की ओ!"