लाइट, कॅमेरा, शू!

सिनेमाची आवड असणं हा गुन्हा आहे, आणि त्याची शिक्षा म्हणजे पाच ते आठ वर्षांच्या मुलांचं शनिवार-रविवारचं सिनेमा-शिबिर. ‘तुला एवढी आवड आहे, तर तूच घे ना,’ म्हणणारी माणसं त्या दोन दिवशी नेमकी बाहेरगावी असतात.

पहिलं वेळापत्रक मी झोकात केलं होतं. दहा ते अकरा सिनेमाचा इतिहास, अकरा ते बारा कथालेखन. बालवाडीत शिकवणाऱ्या मैत्रिणीने ते वाचलं आणि एकच प्रश्न विचारला, ‘‘शू कधी?’’ मग शू घातली. एकाला लागली की सगळ्यांना लागते म्हणे, म्हणून प्रत्येक रकान्यानंतर घातली. पाणी पिणं, हात धुणं, दुसऱ्याची चप्पल परत करणं हेही घातलं. इतिहासाला सात मिनिटं उरली.

तेवढी पुरे आहेत म्हणा. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून जे चित्रपट दाखवले, त्यांतला प्रत्येक जेमतेम मिनिटभराचा होता. त्यातला माळ्याचा मी दाखवणार आहे. पोरगा पाण्याच्या नळीवर पाय देतो, पाणी बंद का झालं म्हणून माळी नळीत डोकावतो, पोरगा पाय काढतो. सव्वाशे वर्षं उलटून गेली तरी हा विनोद शिळा झालेला नाही, हीच तर काळजी आहे. आवारातली नळी शुक्रवारीच कुलपात जाईल.

खरा पेच ‘स्टॉप मोशन’चा. मातीचा हत्ती जरासा सरकवायचा, फोटो काढायचा, पुन्हा सरकवायचा. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं लागतात. आपण १२ वर भागवलं तरी अर्ध्या मिनिटाचे ३६० फोटो. म्हणजे ३६० वेळा ‘हात काढा’ म्हणायचं. भाच्यावर प्रयोग केला. ‘‘बोटभर सरकव,’’ म्हटल्यावर त्याने हत्ती भुर्रकन दाराबाहेर नेला. हत्तीला उडता येतं, असं त्याचं म्हणणं पडलं. त्यापेक्षा चकती बरी: एका बाजूला पिंजरा, दुसऱ्या बाजूला पक्षी, दोन्हीकडच्या दोऱ्या पिळून भरभर फिरवली की पक्षी पिंजऱ्यात. फक्त मागचं चित्र उलटं काढावं लागतं, नाहीतर पक्षी वर पाय करून लटकतो. भाच्याला लटकलेलाच आवडला. वटवाघूळ आहे म्हणाला.

मग हिरवा पडदा. त्याच्यासमोर उभं राहिलं की मागे चंद्र, समुद्र, हवं ते घालता येतं. पण अंगावर हिरवं असेल तर तेवढं अंगही गायब होतं. म्हणून पालकांच्या ग्रुपवर साधा निरोप टाकला: मुलांना हिरवे कपडे घालू नयेत. त्या निरोपाने माझी रात्र खाल्ली. पोपटी चालेल का? शेवाळी हिरव्यात धरायचा की करड्यात? कपडे निळे आहेत पण खिशावर बेडूक आहे, काय करू? एका बाबांनी रंगांचा तक्ताच पाठवला आणि रेघ कुठे मारायची ते विचारलं. एवढ्यात कुठल्याशा घरी पोराने हे सगळं ऐकलं. आता तो गळ्यापासून पायापर्यंत हिरवाच येणार आहे, कारण त्याला नुसतं डोकं होऊन फिरायचंय. मला तर ही या शिबिरातली सगळ्यात चांगली कल्पना वाटते, पण ग्रुपवर बोलायची सोय नाही.

खटक्याच्या पाटीवरून होणारी भांडणंही मी धरून चालले आहे. चित्र आणि आवाज जुळवायला ती असते, हे कोण ऐकणार? ती खाटकन वाजते, एवढं बास.

राहता राहिली भूमिकांची वाटणी. गोष्ट जंगलातली आहे. कोण काय होणार विचारलं तर सगळे वाघ. ससा नाही, हरीण नाही. खायला कोणी नसलेलं वाघांचंच जंगल. फक्त एक मुलगी म्हणाली, ‘‘मी झाड.’’ हात पसरून उभीही राहिली, हलेना. मी तिच्यावर बेहद्द खूश.

संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला. ‘‘ताई, बाकीचे सगळे वाघ, आणि आमचीच झाड? संवाद तरी आहेत का हो झाडाला?’’

झाडाला आता दोन वाक्यं आहेत. वाघांच्या आयांपर्यंत ही बातमी अजून पोचलेली नाही.