सरासरी रेटिंगवर जाऊ नका

टिंडर आणि बंबल या डेटिंग अ‍ॅप कंपन्यांमध्ये नोकरी करणं कसं, यावरच्या एका लेखात तिथलं वातावरण सुट्ट्या आणि कर्मचाऱ्यांनी कंपनीला दिलेल्या सरासरी रेटिंगवरून जोखलंय. सरासरीच फसवी. बंबलने जून २०२१ मध्ये सगळ्यांना आठवडाभर भरपगारी रजा दिली, त्याचा केवढा गवगवा झाला! पुढे २०२४ आणि २०२५ मध्ये दोन्ही वेळा साधारण ३० टक्के नोकरकपात जाहीर झाली. म्हणून कपातीआधीचे आणि नंतरचे अभिप्राय वेगवेगळे वाचा, आणि तेही विभागवार. इंजिनिअरने दिलेले पाच स्टार मॉडरेशनवाल्याच्या काय कामाचे? अश्लील फोटो आणि छळाच्या तक्रारी दिवसभर तपासण्याचं काम बरेचदा कंत्राटी एजन्सीकडे असतं, ती माणसं या रेटिंगमध्ये दिसतच नाहीत. मुलाखतीत थेट विचारा: तासाला किती तक्रारींचं टार्गेट, फोटो आधी ब्लर होऊन येतात का, समुपदेशन ड्युटीच्या वेळेत की शिफ्ट संपल्यावर?

शेअर ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावात कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क, मिळणार असतील तर कंपनीचं मूल्यांकन कोण ठरवणार, हे लेखी घ्या. टिंडरच्या सहसंस्थापकांचं मालक कंपनीशी नेमकं यावरूनच वाजलं आणि २०२१ मध्ये ४४.१ कोटी डॉलरवर तडजोड झाली. तिथे बड्या वकिलांची फौज होती, साध्या कर्मचाऱ्याकडे कुठली असणार!