‘तीनशेची विका, साडेचारशेची घ्या’ या मेसेजला माझं उत्तर

गाडीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. सार एवढंच की ज्यांच्याकडे तीनशेच्या आसपास हॉर्सपॉवरची स्पोर्ट्स कार आहे त्यांनी आता थांबू नये, सरळ साडेचारशेच्या वर जावं. कारणं पाच दिलीयत: कोस्टल रोड आणि अटल सेतूमुळे मुंबईत आता पॉवर वापरायला जागा झालीय, जास्त पॉवर म्हणजे ओव्हरटेक सेफ, इलेक्ट्रॉनिक्समुळे कुणालाही झेपते, रीसेलमध्ये पैसे सुटतात, आणि कमी पॉवरचा दोन वर्षांत कंटाळा येतो. माझ्या ओळखीतले दोघं हे वाचून खरंच बुकिंगच्या तयारीत आहेत म्हणून बसून लिहितोय. मला स्वतःला गाड्यांचं प्रचंड वेड आहे, त्यामुळे ‘कशाला हव्यात असल्या गाड्या’ हा माझा सूर नाही. पण हा मेसेज लोकांचे कोटभर रुपये चुकीच्या जागी घालवायला निघालाय.

उदाहरणाला पोर्शेच्याच दोन गाड्या धरतो, कारण हाच अपग्रेड मी सगळ्यात जास्त ऐकतो. एक ३०० पीएसची ७१८ केमन (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच), दुसरी ९९२ पिढीतली पहिली ९११ कॅरेरा एस, ४५० पीएस.

जागा झालीय म्हणे. कोस्टल रोड मार्च २०२४ मध्ये सुरू झाला, लांबी १०.५८ किलोमीटर, सरळ भागात लिमिट ताशी ८०, बोगद्यात ६०, वळणांवर ४०. सी लिंकला ८०. अटल सेतू २१.८ किलोमीटरचा, तिथे १०० आणि रॅम्पवर ४०. आता केमन ऑटोमॅटिक शून्य ते शंभर ४.९ सेकंदांत जाते, म्हणजे ८० गाठायला चार सेकंदही लागत नाहीत, मग उरलेल्या आठ-साडेआठ मिनिटांच्या रस्त्यावर जास्तीचे दीडशे पीएस नक्की कुठे वापरणार आहात ते त्या मेसेजवाल्याने सांगावं. समजा लिमिट तोडून अख्खा रस्ता १२० ने गेलात, तरी वाचणार तीनेक मिनिटं, ती पुढच्या सिग्नललाच जातात, वर दोन हजारांचं चलान आणि ब्रीच कँडी-वरळीच्या लोकांची रात्रीची झोप उडवल्याचे शिव्याशाप वेगळे, त्यांच्या तक्रारी अगदी रास्त आहेत. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेचंही तेच, सपाटीला १००, घाटात त्याहून कमी, आणि आता तिथे दोन ठिकाणांमधला सरासरी वेग मोजतात त्यामुळे कॅमेरा आला की ब्रेक मारायचा ही जुनी युक्ती चालत नाही. रस्ते नवे झाले हे खरं, पण ते ट्रॅफिक वाहतं राहावं म्हणून झालेत.

ओव्हरटेकचा मुद्दा वरवर पटतो, म्हणून जरा थांबून बघू. कॅरेरा एस शून्य ते शंभर ३.७ सेकंदांत जाते, म्हणजे थांबलेल्या गाडीपासून मोजलं तरी दोघींत फरक १.२ सेकंदांचा. ओव्हरटेकला आपण थांबलेलो नसतोच, साठवरून शंभरला जायचं असतं, तिथे फरक अजून कमी. त्यात खंडाळ्याच्या घाटात समोरून गाडी येतच नाही, तिथे अडकतो ते उजव्या लेनमध्ये रांगणाऱ्या ट्रकमुळे, आणि तो बाजूला होईपर्यंत तीनशेवालाही मागे आणि साडेचारशेवालाही मागेच. गोवा हायवेला जिथे अजून समोरासमोर वाहतूक आहे तिथे जीव वाचतो तो गॅप ओळखता येण्यामुळे, आणि पॉवर जास्त असली की माणूस जी गॅप सोडली असती ती घेतो, हे मी शेजारच्या सीटवर बसून बघितलंय. शिवाय १०० च्या जागी १४० वर असाल तर ब्रेकला जिरवायची ऊर्जा जवळपास दुप्पट होते. हां, शंभर हॉर्सपॉवरची हॅचबॅक चार माणसं आणि सामान घेऊन घाट चढताना दमते, तिथून दोनशेला गेलं तर फरक पडतो हे मान्य. तीनशेवाल्याला तो प्रॉब्लेम कधीच नव्हता.

इलेक्ट्रॉनिक्सवाला मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो कारण तो धोकादायक आहे. ट्रॅक्शन कंट्रोल ग्रिप तयार करत नाही, टायर सुटायला लागला की इंजिनची पॉवर कापतं आणि एकेका चाकाला ब्रेक लावतं, बस. म्हणजे जुलैमध्ये ओल्या रस्त्यावर तुम्ही जादाचे पैसे मोजून घेतलेली पॉवर कॉम्प्युटर तुमच्याकडून काढूनच घेतो. आणि पाणी साचलेल्या पट्ट्यावर टायर रस्त्यावरून उचलला गेला तर त्या कॉम्प्युटरलाही करण्यासारखं फार काही उरत नाही, ना स्टीअरिंगला काही पकडायला असतं ना ब्रेकला. रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, आणि कॅरेरा एसचा मागचा टायर ३०५ मिलिमीटर रुंद आहे, साध्या केमनचा २६५. सप्टेंबर २०२५ मध्ये ओल्या कोस्टल रोडवर एक लॅम्बोर्गिनी डिव्हायडरवर गेलेली बातम्यांत सगळ्यांनी बघितली, त्या गाडीत काय इलेक्ट्रॉनिक्स कमी होतं?

टायरचं निघालंच आहे तर साइडवॉल, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंचीही मोजा, मेसेजमध्ये याबद्दल अवाक्षर नाही. केमनचा मागचा टायर २६५/४५ आर १८, म्हणजे रिम आणि रस्त्यामध्ये साधारण ११९ मिलिमीटर रबर. कॅरेरा एसचा ३०५/३० आर २१, तिथे ९१ मिलिमीटर. पेव्हर ब्लॉक उखडलेला असतो, काँक्रीटचा पॅच संपून डांबर सुरू होतं तिथे कड उभी असते, पावसात खड्डा पाण्याखाली दिसत नाही, अशा रस्त्यांवर हे २८ मिलिमीटर म्हणजे रिम वाकणं आणि न वाकणं यातला फरक. गाडी पाच सेंटिमीटरने रुंदही होते, १८०१ वरून १८५२ मिलिमीटर. सोसायटीत स्टॅक पार्किंग (गाड्या एकावर एक ठेवणारं) असेल तर बुकिंगच्या आधी गाडी जिच्यावर उभी राहते त्या पॅलेटची आतली रुंदी टेपने मोजा, कडेचा गार्ड रिमला कुठे लागतो ते बघा, आणि दार उघडून उतरता येतं का तेही.

आता पैसे. महाराष्ट्रात इम्पोर्टेड गाडीला वन-टाइम टॅक्स २० टक्के आहे आणि जुलै २०२५ पासून त्याची वरची मर्यादा २० लाखांवरून ३० लाख झालीय. म्हणजे दोन कोटींच्या आसपासची गाडी घेतली की तीस लाख आरटीओला, आणि जुन्या गाडीवर जो टॅक्स भरलात तो विकताना कुणी सुटा मोजून देत नाही. इन्शुरन्सची आयडीव्ही, म्हणजे कंपनी गाडीची जी किंमत धरते ती, तिसऱ्या वर्षाच्या शेवटी ३० टक्के खाली, पाचव्या वर्षाच्या शेवटी ५० टक्के. वर सरकारी धोरण हलतं ते वेगळंच, २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा सेस जाऊन सरसकट ४० टक्के जीएसटी आला, नव्या गाडीची किंमत उतरली की आदल्या महिन्यात जुनी घेणाऱ्याचं काय झालं असेल विचार करा. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी करार झालाय, त्यात ठरलेल्या कोट्यातल्या तिथल्या गाड्यांवरची आयात ड्युटी टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत उतरणार आहे. अशा काळात ‘रीसेलमध्ये पैसे सुटतात’ असं छातीठोक सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. उलट पेट्रोल ७१८ चं प्रॉडक्शन ऑक्टोबर २०२५ मध्येच थांबलं, म्हणजे तुम्ही जी विकणार ती परत नवी मिळणार नाही.

राहिला कंटाळा. येतो, खोटं कशाला बोलू. पण मी बघितलेल्या बहुतेक लोकांचा कंटाळा रस्त्याचा असतो, आठवडाभर वांद्रे ते बीकेसी रांगत गेलं की कुठलीही गाडी बोअरच होणार आणि तिथे साडेचारशेवाली लवकर बोअर होते, कारण तिला जरा पाय दिला की लिमिट संपतं. हलकी, कमी पॉवरची गाडी निदान लिमिटच्या आत जरा जास्त वेळ ओढता येते, इंजिनचा आवाज बदलताना ऐकू येतो, हाताला स्टीअरिंगमधून काहीतरी कळतं. त्यातूनही भूक उरली तर अपग्रेडच्या पैशांतला अगदी छोटा हिस्सा काढा, चांगले टायर टाका, ब्रेक फ्लुइड आणि पॅड बदला, आणि चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाईच्या ३.७ किलोमीटरच्या सर्किटवर किंवा कोइम्बतूरच्या कारी सर्किटला इन्स्ट्रक्टर घेऊन एक वीकेंड घालवा. तिथे तुम्ही तीनशे पीएस पूर्ण वापरताय आणि अजून पॉवर हवी असं इन्स्ट्रक्टरच म्हणाला, तर खुशाल घ्या, मी पहिला अभिनंदन करीन.

आणि घरात लहान मूल आलं, केमनला दोनच सीट, म्हणून ९११ हवीय असं कुणी म्हणालं तर ते कारण मला शंभर टक्के पटतं. फक्त त्याला एस लागत नाही, ३८५ पीएसच्या साध्या कॅरेरातही मागे त्याच दोन छोट्या सीट आहेत.