पुदिना, दालचिनी आणि झारा

अठ्ठावीस वर्षं मी परभणीच्या एका हायस्कुलात मराठी शिकवतोय, म्हणजे मुख्यतः ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करतोय. ‘कवी’ची वेलांटी पहिली काढली म्हणून अर्धा मार्क कापताना माझा हात कधी थरथरला नाही. पोरं कुरकुरायची, "सर, एका वेलांटीनं काय बिघडतंय?" त्या सगळ्या पोरांच्या वतीनं गेल्या सप्टेंबरात एका लॅपटॉपनं माझ्यावर सूड उगवला.

लॅपटॉप २०१५ सालचा, हप्त्यानं घेतलेला. त्यात विंडोज १०. पडद्यावर सारखी पाटी झळकू लागली की १४ ऑक्टोबर २०२५ नंतर याचा आधार संपणार. शेजारचे काका म्हणाले, "आधारला मोबाईल लिंक नसंल तुमचा." तो आधार वेगळा, हा वेगळा, हे समजावण्यात एक चहा गेला. सुरक्षेच्या दुरुस्त्या यायच्या बंद होणार होत्या. विंडोज ११ टाकावं, तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो. दुकानदारानं लॅपटॉप उलटा केला, सुलटा केला आणि बाजारात म्हाताऱ्या बैलाचे दात बघून तोंड मिटावं तसं त्याचं झाकण मिटलं. "सर, आता नवाच घ्या."

भाचा नांदेडला इंजिनिअरिंगला आहे. तो फोनवर म्हणाला, "मामा, लिनक्स टाका. फुकट आहे." फुकट हा शब्द मास्तरच्या कानाला गोड लागतो. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच संगणक चालवणारी यंत्रणा. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं हे काम छंद म्हणून सुरू केलं आणि वर ‘हे काही फार मोठं होणार नाही’ असंही जाहीर करून टाकलं. आज आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्यात तेच आहे. माझ्या वर्गातली एकवीस वर्षांची माजी मुलं सध्या काय करतात, ते मी इथं लिहीत नाही.

"कोणतं लिनक्स टाकू?" मी विचारलं. प्रकार शेकड्यांनी असतात म्हणे.

"मिंट टाका. सिनॅमनवालं. बावीस पॉइंट दोन, झारा."

सिनॅमन म्हणजे मिंटच्या पडद्याची एक मांडणी. मी कागदावर लिहून घेताना मोठ्यानं म्हणत होतो : पुदिना, दालचिनी, झारा. स्वयंपाकघरातून आवाज आला, "कायचा मसाला करायलात हो?" मिंटच्या प्रत्येक आवृत्तीला बाईचं नाव असतं. आधीची विल्मा, मग शिया, मग ही झारा. सगळ्या आकारान्त स्त्रीलिंगी, ‘माला’ शब्दासारख्या चालवाव्यात अशा. इथवर माझं या यंत्रणेबद्दल मत चांगलं होतं.

मिंटची जवळजवळ तीन जीबीची फाइल रात्रभर उतरली. ती पेनड्राइव्हवर चढवताना ‘यातलं सगळं पुसलं जाईल’ असं विचारलं गेलं आणि मी मोठ्या मनानं होकार दिला. त्यात मेहुणीच्या लग्नाचे फोटो होते. घरात हे अजून कुणाला माहीत नाही. बायको माझे लेख वाचत नाही म्हणून इथं लिहितोय.

मुहूर्त धरला १७ सप्टेंबरचा. सुट्टी असते. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, पण निजामाच्या तावडीतून सुटायला आम्हाला १७ सप्टेंबर १९४८ उजाडलं. तेरा महिने उशीर म्हणजे मराठवाड्यात वेळेवरच. सकाळी झेंडावंदन उरकून आलो आणि लॅपटॉपपुढं बसलो. लॅपटॉप पेनड्राइव्हवरून चालू व्हावा म्हणून सुरुवातीलाच एफ-बारा दाबायचं होतं. एकदा दाबलं तर उशीर झाला, दुसऱ्यांदा लवकर झालं. शेवटी भजनातल्या तबलजीसारखा ठेका धरला तेव्हा कुठं पेनड्राइव्हला पाझर फुटला.

मग प्रश्न आला लॅपटॉपमधल्या जागेच्या वाटणीचा. विंडोजच्या शेजारी राहायचं, का सगळं रान साफ करून एकट्यानं नांदायचं? तिसरा पर्याय होता ‘काही वेगळंच’. आमच्या गावाकडं वाटणीत ‘काही वेगळंच’ म्हणणाऱ्याचं पुढं कोर्टातच वय जातं. मी शेजार निवडला. पडद्यावर एक पट्टी आली. माउसनं मधला बांध सरकवायचा, इकडची जमीन तिकडं. ना तलाठी, ना मोजणी, ना चुलतभाऊ. एवढा सुखाचा बांध मी जन्मात सरकवला नव्हता, म्हणून उगीच दोनदा मागंपुढं केला.

शेवटचं बटण दाबताना आमच्या गावाची म्हण आपोआप तोंडात आली, ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’. बाहेर पाऊस धरून आला होता, लॅपटॉपची बॅटरी पाच मिनिटांची आणि लाइटचा काही भरवसा नाही. अर्धा तास मी पडद्याकडं कमी आणि पंख्याकडं जास्त बघितलं. पंखा फिरत राहिला. झारा उतरली.

वाय-फाय मात्र नव्हतं. वाय-फायचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, इंटरनेटवर, आणि इंटरनेटवर जायला वाय-फाय. पोहरा विहिरीत आणि पाणी काढायला पोहराच पाहिजे. शेवटी मोबाईल वायरनं जोडून त्याचं नेट लॅपटॉपला पाजलं, तेव्हा ड्रायव्हर आला.

इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मला नववीच्या प्रश्नपत्रिका विंडोजच्या रानातून इकडं आणायच्या होत्या आणि भाचा म्हणाला, "मामा, टर्मिनल उघडा." एक काळी चौकट उघडली, तिच्यात आज्ञा टाइप करायच्या. खडूविना फळा.

"सीडी टाइप करा."

"सीडीचं खोकं कवाच बिघडलंय रे."

"ती सीडी नाही मामा. सीडी म्हणजे फोल्डरमधी शिरा. सीडी, स्पेस, प्रश्नपत्रिका."

टाइप केलं. यंत्र इंग्रजीत म्हणालं, अशी कुठली फाइल किंवा फोल्डर नाही. फोल्डर मला शेजारच्या खिडकीत धडधडीत दिसत होतं. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मी चष्मा पुसला, कीबोर्ड पुसला.

"मामा, पी कॅपिटल आहे का बघा. फोल्डरच्या नावात मोठा असंल."

"अरे, एका पीनं काय बिघडतंय?"

फोनवर भाचा गप्प झाला. माझ्याच वर्गातून दहावी झालेला आहे तो.

मोठा पी घातला, शिरलो. आत ‘वर्ग नववी’ नावाचं फोल्डर, मध्ये मोकळी जागा सोडलेली. पुन्हा सीडी. या वेळी उत्तर आलं ‘टू मेनी आर्ग्युमेंट्स’. म्हणजे फार हुज्जत नको! मी एक अक्षर उलटं बोललो नव्हतो. भाच्यानं सांगितलं की या यंत्राला मोकळी जागा दिसली की ते दोन वेगळे शब्द समजतं. नाव अवतरणचिन्हात घाला. आता ‘शब्द जोडून लिहावेत की तोडून’ यावर मी वर्गात दोन तास घेतो. हे माझ्याचकडून उत्तरपत्रिका लिहून घेणं चाललं होतं.

अवतरणचिन्हं घातली. मग ‘सीपी’ची आज्ञा दिली, म्हणजे नक्कल करा. एंटर दाबलं. काहीच झालं नाही. कर्सर आपला लुकलुकतोय.

"काही म्हणालं का?"

"काही नाही."

"मग झालं, मामा."

हे मला अजून पटलेलं नाही. आमच्याकडं साधं ‘जेवलात का’ विचारलं तरी भाजी कोणती, ती किती तिखट आणि पाहुणे कवा गेले इथपर्यंत उत्तर येतं. कोणी काहीच बोललं नाही, तर एक तर ते रुसलंय किंवा फाइल साहेबाच्या टेबलावर अडकलीय. इथं गप्प म्हणजे काम फत्ते, आणि बोललं की समजायचं चुकलंय. जुन्या हेडमास्तरांची ही रीत होती.

प्रश्नपत्रिका आल्या, पण उघडल्यावर नुसते कंस, टक्के आणि डॉलरची चिन्हं, ज्वारी सांडल्यासारखी. जुन्या फॉन्टात टाइप केलेलं होतं ना! त्या फॉन्टांत मराठी अक्षर हा इंग्रजी अक्षरावर चढवलेला मुखवटा असतो. फॉन्ट नसला की मुखवटा गळतो. मग युनिकोड, म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठी मराठीच राहते ती पद्धत, आणि तिच्यासाठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकायला बसलो. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, १९८६ पासून ठरलेली मांडणी. मला तिचा पत्ता लागायला एकोणचाळीस वर्षं लागली. पहिला शब्द ‘ऱ्हस्व’ टाइप करायचा हट्ट धरला. ऱ साठी शिफ्ट धरून जे, मग पाय मोडायला डी, मग ह. वीस मिनिटांनी झाला. कुणाला दाखवावा तर घरात सगळे झोपलेले.

दोन दिवसांनी विंडोजमध्ये गेलो तर घड्याळ साडेपाच तास मागं. सकाळचे साडेदहा आणि यंत्रात पहाटेचे पाच. मास्तर शाळेत आणि घड्याळ अंथरुणात. मिंट लॅपटॉपच्या आतल्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं आणि विंडोज त्यालाच परभणीची समजतं. दोन भाडेकरूंचं एका घड्याळावरून भांडण. भाच्यानं एक लांबलचक आज्ञा पाठवली. दिली. यंत्र गप्प. म्हणजे झालं असावं.

एवढ्यात १४ ऑक्टोबर उजाडलं. फराळाचा घाट सुरू होता. मी काळ्या चौकटीपुढं बसून एका फाइलचं नाव तिसऱ्यांदा चुकवत होतो. बायको मागं येऊन उभी राहिली.

"हे काळं कामून उघडता हो तुम्ही सारखं?"

"त्याशिवाय कसं चालंल?"

"मी तर कधीच उघडलं नाही. परवा लाइटबिल भरलं, ताईचे फोटो छापले, चकलीची कृती बघितली. सगळं चित्रावर दाबलं की होतंय."

"ताईचे कोणते फोटो?"

"लग्नातले. पेनड्राइव्हमधी सापडंनात, म्हणून तिच्याकडूनच मागवून घेतले."

मी गप्प. तीही गप्प. या यंत्राच्या हिशेबानं सगळं ठीक असायला हवं होतं.

"बरं, आजपासून विंडोजचा आधार संपला," मी विषय बदलला. "आता फक्त झारा."

"तोच हुडकायले मी सकाळपासून," ती म्हणाली. "तेल तापलंय. कुठं ठेवलाय?"